ऐकून बोलणाऱ्याची पंचाईत : कॉर्डलेस फोन, वायफाय आणि खुल्या लहरींचा इतिहास



येरमाळ्यात उभं राहून बिनतारी लहरींवर बोलायचं, तर सुरुवात यात्रेपासून करणं सोपं. इथे बसलेल्यांना चैत्र पौर्णिमेची गर्दी सांगायला नको; पण हे व्याख्यान नंतर ऑनलाइन वाचणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. येडेश्वरीची पालखी आमराईकडे जाते, लोक चुन्याचे खडे वेचतात, हलगी चालू असते, संबळ चालू असतो, चार टोळक्यांत आराध्यांची चार वेगवेगळी गाणी चालू असतात. त्यात एखादी आई चुकलेल्या पोराला हाक मारत असते. तिचा आवाज पोरापर्यंत पोचत नाही, असं नाही. पोचतो. पण बाकीच्या आवाजांतून तो निवडता येत नाही. रेडिओतला व्यत्यय म्हणजे नेमकं हेच. लहर मरत नाही, ती ओळखू येत नाही.

आजचा विषय वरवर किरकोळ आहे. घरातला कॉर्डलेस फोन आणि घरातलं वायफाय यांचं भांडण. विषय कळवला तेव्हा 'हे इतिहासात कुठे बसतं?' असं आम्हाला विचारलंही गेलं. आमच्या मते बसतं, कारण हे भांडण यंत्रांनी सुरू केलेलं नाही. कुठल्या लहरींवर कोणी बोलायचं, परवाना कोणाला, मोकळीक कोणाला, हे माणसांनी ठरवलं, आणि त्या ठरवण्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

आधी एका घराची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, इथून फार लांब नाही एवढंच. २०२० साल. शाळा बंद, आठवीतल्या मुलीचा वर्ग मोबाईलवर. घरात तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड, त्याच तारेवर जुना टेलिफोन, आणि त्या टेलिफोनला आजीचा कॉर्डलेस. हा कॉर्डलेस भाच्याने अमेरिकेहून आणलेला. तो ११० व्होल्टचा, म्हणून त्याच्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मरचा डबा. तो डबा, फोनचा बेस आणि वायफायचा राऊटर, तिन्ही टीव्हीच्या कपाटावर शेजारी शेजारी. सकाळी अकराच्या सुमाराला वर्ग तुटायचा. गुरुजींचा चेहरा थिजायचा, आवाज फाटायचा, आणि पाऊण तासाने सगळं आपोआप ठीक. तक्रार केली. माणूस आला, त्याने तारेवरचा स्प्लिटर बदलला. पुन्हा आला, राऊटर बदलला. काही फरक नाही. शेवटी मुलीने एका वहीत वेळा लिहायला सुरुवात केली. वर्ग कधी तुटला, कधी जोडला. आठ दिवसांनी तिच्या लक्षात आलं की ही वही म्हणजे आजीच्या फोनचीच नोंदवही आहे. आजी रोज त्याच वेळी बार्शीला लेकीशी बोलत असे.

"आज्जे, फोन ठेव की गं, माझा वर्ग तुटतोय."

"तुझं यंत्र बिघडलंय बाई. माझा फोन दहा वर्षं झाली, एकदा सुद्धा तुटला नाही."

आजीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. तिचा फोन तुटत नव्हता. तुटत होती ती नात. एकाच लहरीवर बसलेल्या दोन यंत्रांपैकी नुकसान एकाचंच का व्हावं, याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ.

आपल्या महाराष्ट्रात ही अडचण आली कधी? वायफायच्या कितीतरी आधी. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची 'बीम' सेवा सुरू झाली. तारायंत्राचे संदेश समुद्राखालच्या केबलऐवजी हवेतून जाऊ लागले. तिचं आपल्याकडचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ, खडकीला लागून दापोडीत होतं. आणि ग्रहण केंद्र? ते दौंडला. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास लांब. तिकडे इंग्लंडमध्येही तसंच, टेटनीला बोलायचं आणि स्केगनेसजवळ ऐकायचं. एका आवारात दोन्ही केंद्रं बसवली असती तर जागा वाचली असती, माणसं वाचली असती. पण आपल्याच प्रक्षेपकाच्या गडगडाटात हजारो किलोमीटरवरून आलेली कुजबुज ऐकू कशी येणार? तेव्हा तोंड दापोडीला ठेवलं आणि कान दौंडला. आम्हाला ही जोडी फार आवडते. टीव्हीच्या कपाटावर बेस आणि राऊटर शेजारी ठेवणाऱ्या प्रत्येकाला दौंडची गोष्ट सांगावी असं वाटतं.

लांब जाणं हा एक उपाय झाला. पण सगळ्यांनाच लांब जाता येत नाही, म्हणून सरकारांनी दुसरा उपाय केला : वाटणी. ज्याची त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि परवान्याशिवाय कोणी यंत्राला हात लावायचा नाही. १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा तर असा, की यंत्र वापरणं सोडा, नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे. (हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. आपला जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, निजामाच्या राज्यात.) ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना पोस्टात जाऊन काढावा लागणारा रेडिओचा परवाना आठवत असेल. बातम्या ऐकायलाही सरकारची परवानगी, याचं आज हसू येतं. पण परवान्याला दुसरी बाजू होती. ज्याच्याकडे परवाना, त्याला संरक्षण. तुमच्या लहरीवर कोणी दुसरा आला तर तक्रार करता येई, आणि त्या उपऱ्याला हटवलं जाई. गावात सातबारा असलेल्या जमिनीचं जे, तेच इथे.

मग गायरान कुठून आलं? त्याची हकिगत मजेशीर आहे, कारण ते स्वयंपाकघरातून आलं. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम करणाऱ्या रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी सूक्ष्मलहरींनी अन्न गरम करण्याची युक्ती काढली, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन जन्मला. १९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय कामांची यंत्रं लहरी वापरतात, पण बोलायला नव्हे, तापवायला. ती गोंगाट करणारच. त्यांना काही पट्टे तोडून द्या, असं ठरलं. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांतलाच. नियम असा की या पट्ट्यात कोणी संदेशवहन करू पाहील, तर भट्ट्यांचा त्रास त्याने सोसायचा. थोडक्यात, कुंभारवाड्याशेजारी घर बांधलंत तर धुराची तक्रार करायची नाही.

जवळजवळ चाळीस वर्षं ही जागा तशीच पडून होती. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की अशा तीन पट्ट्यांत, म्हणजे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झ, विनापरवाना बोलायला मुभा द्यावी. अट एवढीच की शक्ती कमी ठेवायची आणि आवाज एका जागी न ठेवता पसरवायचा. आवाज पसरवण्याची, उड्या मारत बोलण्याची कल्पना जुनीच. १९४२ साली नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीराच्या नियंत्रणासाठी तिचं पेटंट घेतलेलं होतं. पण त्या गोष्टीत शिरलो तर वेळ जाईल.

या मोकळ्या जागेत पहिल्यांदा गर्दी केली ती कॉर्डलेस फोनने. वायफायचं मानक १९९७ चं, घराघरांत पोचलं ते १९९९ नंतर. कॉर्डलेस त्याआधीचा. सुरुवातीचे संच फार खालच्या लहरींवर चालत. काहींचा बेस मध्यम लहरींच्या अगदी पुढे, १.७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोले, म्हणजे साध्या रेडिओचा काटा टोकाला नेला की शेजारच्या घरातलं लग्न जमवणं ऐकू येई. पुढे ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झची जोडी आली. अमेरिकेत तिला आधी फक्त दहा चॅनेल होती. दहा चॅनेलांत सगळी आळी! तेव्हा फोन बनवणारे वर सरकले. ९००, मग २.४ गिगाहर्ट्झ, मग ५.८. खोक्यावर आकडा मोठा असला की माल चांगला, असा गिऱ्हाइकाचा समज झाला आणि विकणाऱ्यांनी तो दुरुस्त केला नाही.

आपल्याकडे गायरान खुलं झालं ते २००५ च्या जानेवारीत. २८ जानेवारीच्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली. अँटेनासह जास्तीत जास्त चार वॅटची मर्यादा. योगायोग असा की त्याच महिन्यात बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केलं. म्हणजे घरात इंटरनेट येणं आणि ते घरात हवेतून फिरवायची मुभा मिळणं, दोन्ही एका महिन्यातलं. त्या अधिसूचनेतले तीन शब्दप्रयोग मात्र नीट वाचावेत असे आहेत. वापर कसा? दुसऱ्याला व्यत्यय न आणता, स्वतःला संरक्षण न मागता, आणि एकट्याची मालकी न सांगता. परवाना गेला, आणि त्याच्याबरोबर दाद मागायची जागाही गेली. त्या मुलीचा वर्ग तुटला, ती तक्रार कोणत्याच कायद्यात बसत नाही. आजीचा फोन जोपर्यंत मर्यादेत बोलतोय तोपर्यंत तो गुन्हेगार नाही. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला, १८८५ आणि १९३३ चे कायदे इतिहासजमा व्हायला लागले. गायरानाचा हा स्वभाव मात्र बदललेला नाही.

आता मूळ प्रश्नावर येऊ. दोघं विनापरवाना, दोघं एकाच पट्ट्यात, मग मार एकालाच का?

वायफाय हा सभ्य प्राणी आहे. तो बोलण्याआधी ऐकतो. हवा मोकळी आहे का ते पाहतो. कोणी बोलत असेल तर गप्प बसतो, ते थांबल्यावरही थोडा अनिश्चित वेळ थांबतो, म्हणजे दोघे थांबलेले एकदम बोलायला उठू नयेत. मग एक तुकडा पाठवतो आणि समोरून पोच मिळाली का पाहतो. पोच नाही आली, तर आपलंच चुकलं असं धरून आधीपेक्षा जास्त वेळ थांबायला तयार होतो. पुन्हा नाही आली, तर आणखी जास्त. शिवाय 'समोरच्याला नीट कळत नसेल' म्हणून सावकाश बोलायला लागतो. सावकाश बोललं की तेच वाक्य लांबतं, आणि लांबलेल्या वाक्यात कोणीतरी मध्ये बोलण्याची शक्यता वाढते. सज्जन माणूस कोंडीत सापडतो तो असा.

कॉर्डलेस तसा नव्हता. २.४ गिगाहर्ट्झचे जुने संच ढोबळमानाने दोन जातींचे. एक ॲनालॉग, जो फोन उचलल्यापासून ठेवेपर्यंत एका जागेवर अखंड सूर लावून बसतो. दुसरा डिजिटल, जो सेकंदाला कित्येकदा पट्टाभर उड्या मारतो. पहिला एक कोपरा अडवतो, दुसरा सगळीकडे थोडं थोडं सांडतो. दोघंही ऐकत नाहीत. फोनवरच्या बोलण्याला थांबायला वेळ नसतो म्हणा, आणि उड्या मारणाऱ्याची एखादी उडी वाया गेली तरी कानाला एक 'टिक' एवढंच जाणवतं. म्हणून आजीला काहीच कळलं नाही. जो ऐकून बोलतो तो थांबत राहिला, जो ऐकत नाही त्याचं काम चालू राहिलं.

मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा याच पट्ट्यात, २.४५ ला. पण घरगुती जुन्या धाटणीचा ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनात साधारण अर्धा वेळच लहरी सोडतो, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा श्वास घेतो. त्या फटींतून वायफाय थोडं तरी सरकतं. भट्टीला जेवढी दया आहे तेवढी त्या ॲनालॉग फोनला नव्हती.

सगळे कॉर्डलेस असे बेमुर्वत नव्हते, हेही सांगायला हवं. युरोपने १९९० च्या दशकात डेक्ट नावाचं मानक आणलं. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ ही स्वतंत्र जागा, तिच्यात दहा वाहक लहरी, प्रत्येकीवर बारा संभाषणांची सोय. म्हणजे एकशेवीस बैठका. फोन बैठका चाचपून पाहतो आणि मोकळी दिसेल तिथे बसतो. जागाही वेगळी आणि रीतही. आयआयटी मद्रासमधल्या अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने याच मानकावर 'कॉरडेक्ट' उभारलं, खेड्यांत तार न ओढता फोन पोचवण्यासाठी. डेक्ट फोन आणि २.४ चं वायफाय एका कपाटावरही बऱ्यापैकी नांदतात.

पण इथे आपल्या परदेशी नातेवाइकांचा एक विषय निघतो, आणि तो आजीच्या फोनपेक्षा गंभीर आहे. अमेरिकेत ती जागा मोकळी नव्हती, म्हणून तिथे डेक्टला १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ मिळाले आणि बाजारात नाव पडलं 'डेक्ट ६.०'. हा सहा म्हणजे सहा गिगाहर्ट्झ नव्हे, तो नुसता जाहिरातीतला आकडा. आपल्याकडे १९२० पासून वरचा भाग थ्रीजी मोबाईलने टॉवरशी बोलण्यासाठी दिला गेला. म्हणजे न्यू जर्सीहून बॅगेत घालून आणलेला फोन इथे टॉवरच्या थेट कानात बोलणार. जुन्या ९०० च्या फोनचंही तेच. तो ९०२ च्या वर बोले, आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये जीएसएमचा टॉवर मोबाईलचं ऐकत असे. टॉवर उंचावर असतो, दोन-चार किलोमीटरवरची क्षीण हाक ऐकायला बसलेला असतो. त्याच्या पायथ्याशी असा फोन चालू झाला की आळीतल्या सगळ्यांचे मोबाईल कुरकुरायला लागतात. आणि फोनवाल्याला पत्ता नसतो, कारण त्याचा स्वतःचा फोन छान चालतो! २.४ च्या भांडणात निदान नुकसान घरातल्या घरात राहतं. म्हणून पुण्या-मुंबईकडून असो की इकडे मराठवाड्यात, पोरं अमेरिकेतून काय आणू विचारतात, तेव्हा कॉर्डलेस फोन नको म्हणावं. ते गायरानही नाही, दुसऱ्याचं सातबाऱ्याचं रान आहे.

संरक्षण असलं तर काय होतं, याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या गटाने ही जागा निवडली. कारणं अनेक होती, पण माणसांचा रेडिओ गोंगाट तिथे कमी होता हे महत्त्वाचं. ती दुर्बीण आकाशगंगांची कुजबुज ऐकते. तिच्यासाठी आसपासच्या प्रक्षेपणांवर नजर ठेवावी लागते, विजेच्या तारांवरच्या ठिणग्याही शोधून काढाव्या लागतात, दुर्बिणीच्या स्वतःच्या यंत्रांनाही गप्प ठेवावं लागतं. नुसतं ऐकणाऱ्याला संरक्षण द्यायचं ठरवलं तर देता येतं. घरातल्या राऊटरला ते कोणी देणार नाही, आणि देऊही नये, नाहीतर पुन्हा पोस्टात रांग लावावी लागेल.

तेव्हा घरात आपणच वाटणी करायची. आम्हाला उपाय विचारले जातात म्हणून सांगतो, पण हे सगळे इतिहासातलेच आहेत. दौंडचा उपाय म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर तिप्पट केलं की त्रास नवमांशावर येतो, म्हणून बेस आणि राऊटर वेगळ्या खोल्यांत न्यावेत. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत दगडी भिंती हात-दीड हात जाड असतात. त्या वायफायला आडव्या येतात म्हणून आपण त्यांना शिव्या देतो, पण फोनचा बेस भिंतीपलीकडे ठेवला तर त्याच भिंती राखण करतात. पत्र्याजवळ मात्र काहीच ठेवू नये, लहर उलटून येते. फ्रिक्वेन्सीची वाटणी म्हणाल तर २.४ च्या पट्ट्यात चॅनेल दिसतात तेरा, पण एकेक चॅनेल वीस-बावीस मेगाहर्ट्झ रुंद आणि दोहोंत अंतर पाचाचं, त्यामुळे एकमेकांना न चिकटणारी खरी जागा तीनच : १, ६ आणि ११. फोन एका कोपऱ्यात बसणाऱ्या जातीचा असेल तर राऊटर दुसऱ्या कोपऱ्यात न्यावा. उड्या मारणारा असेल तर चॅनेल बदलून काही होत नाही. तिथे राऊटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू करावा, तो २०१८ नंतर आपल्याकडे घराबाहेरही बराच खुला झाला आहे. त्याची लहर भिंतीत लवकर दमते, तेव्हा राऊटर अभ्यासाच्याच खोलीत हवा. आणि तांब्याची तार अजून असेल, तर स्प्लिटर आधी तपासा. फोन उचलला की इंटरनेट जातं, याचं कारण कधी कधी हवेत नसतंच, त्या दहा-वीस रुपयांच्या डबीत असतं.

त्या घरात पुढे काय झालं, ते विचारणारच तुम्ही. मुलीने वही आजीसमोर ठेवली. आजीने चष्मा लावून सगळ्या वेळा वाचल्या आणि म्हणाली, "मग मी बारानंतर बोलत जाते, त्यात काय एवढं." थोडे दिवस तसं चाललं. नंतर भाद्रपदात वीज वारंवार जायला लागली. कॉर्डलेसचा बेस विजेवर, वीज गेली की फोन मुका. तेव्हा माळ्यावरून जुना दोरीवाला काळा फोन काढला. त्याला वीज लागत नाही, एक्स्चेंजकडून तारेतूनच येते. आजी आता त्याच्यावर बोलते. दोरी आखूड आहे, त्यामुळे उभ्यानेच बोलावं लागतं, आणि पाऊण तासाचं बोलणं दहा मिनिटांवर आलंय, अशी लेकीची तक्रार आहे.